बेचाळीस हत्यारं आणि एक चिमटा

मी एक चिमटा. बारीक टोकाचा, घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या हातातला. मला कुणी मागितलं नव्हतं. मी आता जिच्या हातात आहे ती मुलगी दूरच्या देशात शिकून आली; परतताना तिने बेचाळीस हत्यारांची चकचकीत पेटी आणली होती. पेटी आली की हात आपोआप शहाणे होतील, असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात पहिल्याच स्क्रूवर पेटीतल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मेणासारखं वळलं.

जुनं फेकायचं नाही, नव्याने घडवायचं, हे तिचं ब्रीद. सुरुवात करायची होती बाबांच्या घड्याळापासून. बाबा बस चालवतात. घड्याळ त्यांच्या लग्नातलं, पण आकडे मुंगीएवढे. चाळिशी लावली तर रस्ता दिसेना, काढली तर आकडे दिसेनात. शेवटी घड्याळ कपाटात गेलं आणि बाबा दर थांब्याला कंडक्टरला वेळ विचारू लागले. "आधी तिकीट काढा, मग सांगतो," असं तो भरल्या बसमध्ये म्हणायचा. लोक हसत, बाबाही हसत. पण घरी आल्यावर मोकळं मनगट चोळत बसत. ते तिने पाहिलं होतं.

तिने ठळक आकड्यांची नवी तबकडी आणि जाड काटे मागवले. माप तेवढं मावशीला विचारलं होतं. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण, बाजारातल्या जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणारी. हत्यारांचं विचारायचं मात्र राहून गेलं.

मावशीने पेटी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं, घड्याळ उघडायचंय की बसचं इंजिन?"

"मावशी, सगळं एकाच पेटीत मिळत होतं."

"सगळं आहे, पण कामाचं काय आहे?"

मग निवड सुरू झाली. घड्याळ धरायचा शिकंजा राहिला, धूळ उडवायचा रबरी फुगा राहिला, बोटांवर चढवायचे टोप राहिले. एवढा मोठा हातोडा कशाला, ते दोघींनाही कळेना. तो खोबरं फोडायला स्वयंपाकघरात गेला. स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे दोन चांगले स्क्रूड्रायव्हर, डोळ्याला लावायचं भिंग, काटे उचलायची नि बसवायची हत्यारं मावशीने स्वतःची दिली. आणि शेवटी खिशातून मला काढलं.

मला मावशीच्या उस्तादांनी वापरलं, मग मावशीने. मी हजारो घड्याळांच्या पोटात डोकावलोय. मध्ये एक वर्ष मी हरवलो होतो, म्हणजे शेजारीण मला भुवया कोरायला घेऊन गेली होती. परत आलो तो वाकडा होऊन. मावशीने दगडावर घासून मला सरळ केलं. त्या वर्षाबद्दल मी फारसं बोलत नाही.

"आधी बंद पडलेल्या घड्याळाच्या मशीनवर हात बसव," मावशी म्हणाली आणि एक जुनं मशीन तिला देऊन गेली.

पहिल्या दिवशी तिने मला इतकं आवळलं की सेकंदकाटा नाकतोड्यासारखा उडाला. सगळं घर टॉर्च घेऊन जमिनीवर. काटा सापडला बाबांच्या मोज्यात. "आता मला पायानेच वेळ कळेल," बाबा म्हणाले. हळूहळू तिची पकड सैल झाली. घट्ट धरण्यापेक्षा हलकं धरायला जास्त जोर लागतो, हे तिला माझ्याकडून कळलं, असं मी मानतो.

रविवारी दुपारी बाबांचं घड्याळ उघडलं. बाबा शेजारी पेपर वाचत होते, म्हणजे तासभर एकच पान. जुनी तबकडी निघाली, नवी बसली. तिने काटे बरोबर बाराला लावले, वेळ मिळवली. बाबांनी घड्याळ बांधलं आणि हात लांब धरला. चष्म्याशिवाय वाचून म्हणाले, "तीन वाजून दहा!" आणि चक्क टाळ्या वाजवल्या.

रात्री बाराला बदलायची ती घड्याळातली तारीख दुपारी चारलाच बदलली.

"पोरी, तू मला उद्यात ढकललंस की!" बाबा खदखदून हसले. तिचा चेहरा मात्र उतरला. चावी फिरवून आधी तारीख पलटू द्यायची, ती पलटली की लगेच काटे बाराला लावायचे; हेच ती विसरली होती.

मावशी फोनवर पोट धरून हसली. "माझं पहिलं घड्याळ सकाळी नऊला तारीख बदलायचं! बारा तास पुढे फिरव. पहाटे चारला बदलेल. तेव्हा कोण बघतंय?"

"आणि मला तर हेच बरं," बाबा म्हणाले. "चारला माझी ड्युटी सुटते. ड्युटी संपली, दिवस संपला!"

रात्री सगळे हसत झोपले. ती हसली, पण तेवढी नाही.

सकाळी बाबा निघाले, तर ती दारात हात पुढे करून उभी.

"बाबा, घड्याळ द्या."

"अगं, चालतंय की!"

"चालतंय, पण बरोबर नाही. तुम्ही मायेने चालवून घ्याल. उद्या मी दुसऱ्या कुणाचं करीन, तो कशाला घेईल?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, पट्टा सोडला. "बरं बाई. आज एक दिवस त्या कंडक्टरचं ऐकून घेतो. पण संध्याकाळी हातात पाहिजे."

आता मी टेबलावर आहे, काढून ठेवलेल्या काट्यांशेजारी, टोक पुसून तयार. ती चावी हळूहळू पुढे फिरवतेय, भिंगातून तारखेकडे बघत. माझी एकच विनंती आहे: कुणी हसू नका, टेबल हलवू नका. तारीख पलटली की माझी पाळी.