खाचेत जन्मलेला सोंड्या

मी सोंड्या बोलतोय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. कोकणातल्या एखाद्या नारळवाल्यासमोर माझं नाव काढून बघा, त्याच्या हातातला चहा तसाच निवतो. बोटाच्या पेरापेक्षा जरासा मोठा तांबूस भुंगा आणि पुढे लांबलचक सोंड, एवढाच माझा ऐवज. तेवढ्यावर मी तीस फुटी झाड आडवं करतो आणि मला त्याची काडीइतकीही लाज वाटत नाही.

आमचं खानदान मूळचं इथलं नव्हे. वाडवडील पूर्वेकडून रोपांच्या पोटात लपून आखातात आले. परक्या मुलखात शिरायचं, ठाण मांडायचं आणि आतून खात सुटायचं, हाच आमचा धंदा. मळे वसवणाऱ्या गोऱ्या साहेबांनी तरी वेगळं काय केलं होतं? त्यांच्या वसाहती कधीच उठल्या, आमची अजून जोरात चालू आहे.

माझा जन्म अल ऐनजवळच्या खजुराच्या मळ्यात झाला, मार्च संपता संपता. मळ्याच्या मालकाला सगळे अरबाब म्हणतात. तो आठवड्यातून एकदा येतो आणि विहिरीजवळच्या एका जुन्या खजुराखाली खुर्ची टाकून कॉफी पितो. ते झाड त्याच्या आईने लावलेलं. त्याच झाडात मी जन्मलो. अंडं माझ्या आईने घातलं खरं, पण दार उघडून दिलं ते मोहिद्दीनने.

मोहिद्दीन गुहागरकडचा, पन्नाशी उलटलेला, या मळ्याचा मुकादम. नारळीवर चढण्यात त्याचं बालपण गेलं. त्याच्या गावी नारळीच्या खोडाला कोयत्याने खाचा मारतात आणि त्यात पाय रोवून चढतात. इथली रीत निराळी. इथे कमरेला आणि खोडाला मिळून एक पट्टा बांधायचा, मागे रेलायचं आणि वर सरकायचं. मोहिद्दीनला त्या पट्ट्याचा भारी राग. "पाळण्यातल्या पोरागत बांधून घेऊ काय मी?" असं तो सगळ्यांना ऐकवायचा.

मळ्याचा सुपरवायझर उपेंद्र, पुण्याचा शेतकी पदवीधर. दूरच्या खलिफा सिटीतून रोज गाडी मारत यायचा. त्याने आल्याआल्याच बजावलं होतं, "मोहिद्दीनभाई, झाडाला एकही फ्रेश कट नको. चुकून झालाच तर लगेच औषधाचा लेप. कट म्हणजे सोंड्याला इन्व्हिटेशन!" मोहिद्दीन म्हणाला, "ओके सर." आणि मार्चमध्ये, फळ धरावं म्हणून नर झाडाचा फुलोरा मादी झाडावर बांधायला वर चढायची वेळ आली तेव्हा गुडघा दुखतो म्हणून या बाबाने अरबाबच्या आईच्या झाडालाच सात खाचा मारल्या. वरून वाळका काथ्या दाबून बसवला. लेप लावायला औषध मागितलं असतं तर कशाला हवंय ते सांगावं लागलं असतं ना!

चिरलेल्या ओल्या खोडाचा तो वास! अहाहा! आई त्या वासावर उडत आली. मागोमाग आणखी कितीजणी आल्या. तीन दिवसांत मी अंड्यातून बाहेर पडलो. पाय नाहीत, डोळे नाहीत, नुसता जबडा. समोर गोड, रसरशीत गर. चावा घ्यायचा, ओरबाडायचं, गिळायचं, पुढे सरकायचं. वाटेत एक भाऊ आडवा आला, त्यालाही फाडला. त्याचं वाईट वाटायला मला सवड नव्हती.

बाहेर उन्हाळा पेटला. जूनमध्ये वाळूवर पाय ठेवला तर कातडी सोलून निघेल असं ऊन. मळ्यावरची माणसं पहाटे चारला उठायची, पाटाला पाणी सोडायची, घडांना जाळ्या बांधायची. खजुराच्या पातीच्या मुळाशी वीतवीत काटे असतात. ते हातात घुसायचे, रक्त यायचं, माणसं शिवी हासडून पुन्हा कामाला लागायची. दुपारी साडेबाराला काम बंद. मग पत्र्याच्या खोलीत एसीखाली डाळभात खाऊन तीनपर्यंत मेल्यासारखी पडायची. आम्हाला कसली सुट्टी? आमचा जबडा अष्टौप्रहर चालू.

मे महिन्यात मळ्यावर वासिफ आला. मोहिद्दीनच्या बहिणीचा, मरियमबीचा, एकुलता एक मुलगा. सव्वीस वर्षांचा, हसरा, चढण्यात मामाच्या वरताण. आल्या दिवशी मरियमबीचा फोन आला. मोहिद्दीन आमच्याच झाडाला टेकून बोलत होता, त्यामुळे मी सगळं ऐकलं. "भाईजान, तुझ्या भरवशावर पाठवलाय हो. मला दुसरं कोण नाही." मोहिद्दीन म्हणाला, "इन्शाल्ला, डोळ्यांत तेल घालून बघेन त्याला."

आणि बघतही होता, खोटं कशाला बोलू? पण जुलै लागला आणि आमच्या झाडाच्या खाचांतून तांबडा, आंबूस रस ओघळायला लागला. एका सकाळी मोहिद्दीनने इकडेतिकडे पाहिलं आणि खोडाला कान लावला. आत आम्ही दीडदोनशे जण खात होतो. करम, करम, करम! "या अल्ला, सोंड्या!" तो पुटपुटला. जन्मभर नारळीत काढलेला माणूस, तो हा आवाज चुकतोय थोडाच?

आता त्याने काय करावं? उपेंद्रकडे जाऊन एक वाक्य बोलावं. झाड पाडलं असतं, अरबाब आरडाओरडा करून थकला असता, कदाचित मोहिद्दीनला घरी पाठवलं असतं. बस्स. पण पठ्ठ्याने रस पुसला, खाचांत चिखल भरला आणि तोंडाला कुलूप लावलं. वासिफला मात्र सांगून ठेवलं, "अरबाबच्या झाडावर तू नाही जायचं. त्याचा मान माझा." वासिफ हसला, "एवढा मान, मामू? बरं, तुमचं झाड तुम्हालाच." माझ्यापायी मोहिद्दीन त्या झाडावर एकटाच चढत राहिला, आणि चढताना जागोजागी खोड ठोकून बघायचा ते मला आतून कळायचं.

असे तीन आठवडे गेले. मी काथ्याचा कोश विणला, त्यात निजलो, आणि भुंगा होऊन जागा झालो. तोवर भावंडांनी झाडाच्या डोक्याखालचं खोड पार भुसा करून टाकलं होतं.

आज दुपारी चार वाजता अरबाब पाहुणे घेऊन आला. त्यांना आईच्या झाडाचा ताजा, अर्धा पिकलेला खजूर खायला घालायचा होता. मोहिद्दीन पलीकडे पंपावर गेला होता. उपेंद्रने वासिफला हाक मारली. "वासिफ, यल्ला! चढ पटकन, गेस्ट थांबलेत." वासिफ म्हणाला, "सर, हे मामूंचं झाड आहे." उपेंद्र म्हणाला, "अरे, मामू काय आणि तू काय!" वासिफने पट्टा बांधला आणि सरसर वर गेला.

मोहिद्दीन पंपावरून परतला आणि त्याने वर पाहिलं. हातातला पाना टाकून तो धावत सुटला.

"वासिफ! उतर! आधी खाली उतर!"

"का हो, मामू?"

सगळे बघत होते. अरबाब, पाहुणे, उपेंद्र. मोहिद्दीनच्या तोंडाशी माझं नाव आलं होतं. माझी शप्पथ, आलं होतं! पण त्याने ते गिळलं आणि ओरडला, "गांधीलमाश्या! वर गांधीलमाश्यांचं पोळं आहे!"

वासिफने घडांत डोकावून पाहिलं. "एकही माशी नाही, मामू! उगाच घाबरवता!" हसत हसत तो पट्ट्यावर मागे रेलला आणि त्याने घडावर कोयता चालवला.

खोड त्याच्या पट्ट्याखालीच फाटलं. आधी आतून कडाडलं, मग झाडाचं सगळं डोकं एका बाजूला कललं. पट्ट्याने वासिफ खोडाला जखडलेला, त्याला उडीसुद्धा मारता येईना. वीस फुटांवरून तो त्या ओझ्यासकट खाली आला. त्याच्या कमरेवर खोड आदळलं, दंडातून काटे आरपार गेले. पांढऱ्या अळ्या वाळूभर सांडल्या आणि तापलेल्या वाळूवर वळवळत मेल्या. माझा कोश फुटला. मी वासिफच्या रक्ताळलेल्या बाहीवर येऊन पडलो.

उपेंद्र फोनवर किंचाळत होता, "अॅम्ब्युलन्स, अर्जंट! लोकेशन पाठवलंय!" अरबाबने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि गुडघ्यांवर बसून वासिफच्या तोंडावर सावली धरली. आईच्या झाडाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. फोन ठेवून उपेंद्र बुंध्याशी गेला, चिखल उकरला आणि गरजला, "या खाचा कोणी मारल्या?"

वासिफने मान किंचित वळवली. "मामू, माझे पाय कुठे गेले? मला जाणवत नाहीत." मग मामाकडे बघत म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं?"

मोहिद्दीनला मी दिसलो. त्याने झडप घालून मला बाहीवरून उचललं, चिमटीत धरलं आणि दाबायला लागला. माझं कवच करकरतंय. अरे, चिरड बाबा, खुशाल चिरड! मी कुठे पाया पडतोय? मी खायला जन्मलो, मी खाल्लं, आणि खाताना आवाज लपवला नाही. पण मला मारायची एवढी घाई कशाला? तो पोरगा तुझ्या तोंडाकडे बघतोय. आधी त्याला उत्तर दे.

चिमटी सैल पडली. मोहिद्दीनने तोंड उघडलं.

"तीन आठवडे झाले. खाचा मीच मारल्या. आणि ह्या एकट्या झाडाला नाही, सर. पंपाकडच्या चार झाडांनाही मारल्यात."

पंपाकडची चार! माझी उरलेली सगळी भावंडं तिथे आहेत. उपेंद्रने तिकडे माणसं पिटाळली, अरबाबने करवत मागवली. मार्चपासून आम्हाला कशाचीच भीती वाटली नव्हती, आता या माणसाच्या उघडलेल्या तोंडाची वाटते. संपली आमची वसाहत.

वासिफ रागावला नाही. त्याने डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "गांधीलमाश्या कशाला म्हणालात, मामू? सोंड्या म्हणाला असतात, तर मी उतरलो असतो."

मोहिद्दीनच्या तोंडून हुंदका फुटला आणि त्याची चिमटी पुन्हा आवळली. बरं, येतो मी.