अळणी व्रत

देवश्रीने स्वतःहून काही मागितलं, असं फार दिवसांनी घडलं होतं, म्हणून प्रमोदिनीबाई सिनेमाला तयार झाल्या. एरवी दर रविवारी अकोल्याहून एस.टी.ने अमरावतीला यायचं, होस्टेलवर लेकीला भेटायचं, अंबादेवीचं दर्शन घ्यायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी, असा त्यांचा शिरस्ता. आज देवश्री म्हणाली, माझ्या आवडत्या कादंबरीवर सिनेमा आलाय, हिंदीत केलेला आहे, तुलाही समजेल. पोरीचा चेहरा इतका ओढलेला होता, की नाही म्हणवेना.

पुढल्या कुठल्याशा काळातली गोष्ट होती. भिंतींनी वेढलेलं एक शहर. तिथं दरवर्षी सोळा वर्षांच्या मुलामुलींची शर्यत लावायची, जिंकतील त्यांनी शहरात राहायचं, बाद होतील त्यांना भिंतीपलीकडे सोडायचं. पलीकडे काय आहे, ते कोणी सांगत नव्हतं. प्रमोदिनीबाईंना ते न सांगणंच जास्त भीतीचं वाटलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर नाम घ्यायला सुरुवात केली.

मागच्या रांगेत देवश्रीसारखीच मेडिकलच्या क्लासची पोरं बसली होती. भिंतीवर मुलांचे नंबर झळकले, तसा एकजण म्हणाला, "काहून बे, हे तं आपलीच टेस्ट सिरीज हाय." सगळे हसले. देवश्री हसली नाही.

मग त्या शहरातल्या आया आल्या. नियम असा, की मूल पळत असेपर्यंत आईने चौकात डोक्यावर दगड धरून उभं राहायचं. आईचे हात खाली आले, की मूल बाद. बायका निमूट उभ्या राहिल्या. हात थरथरत होते, पण एकीनेही दगड खाली ठेवला नाही. प्रमोदिनीबाईंचा ऊर भरून आला. आई म्हणजे अशीच, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

कारण त्याही उभ्याच होत्या. देवश्रीला मेडिकलच्या क्लाससाठी अमरावतीला आणलं, त्याच दिवशी तिला शेजारी उभं करून त्यांनी देवीला सांगितलं होतं, माझ्या लेकीचा नंबर लागेपर्यंत मी मीठ खाणार नाही. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. दुसरं वर्ष उजाडलं, अळणी चालूच राहिलं. चिंतामणरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, व्रत सोडवायला सारी वकिली पणाला लावून पाहिली. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजून दम भरला. कधी भोवळ आली, की त्या ओट्याला धरून घटकाभर थांबत आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागत. देवश्री घरी आली, की दारातून बघत राही. पोरीला आपल्या व्रताने बळ येतं, असंच त्या धरून चालल्या होत्या.

पडद्यावर ती मुलगी जीव खाऊन पळत होती. एका वळणावर तिला चौकातली आई दिसली. आईची कोपरं लटपटत होती. मुलगी थबकली. मागून बाकीची पोरं तिला ओलांडून निघून गेली, पण ती जागची हलेना.

"दमली का गं ती?" प्रमोदिनीबाईंनी हळूच विचारलं.

"नाही. पुस्तकात ती मुद्दाम थांबते," देवश्री म्हणाली. "आपण बाद झालो, की आईला हात खाली घेता येतील, म्हणून."

प्रमोदिनीबाईंनी वळून पाहिलं. देवश्री पडद्याकडे पाहत नव्हती. ती आईकडे पाहत होती. पडद्याच्या निळ्या उजेडात तो चेहरा त्यांना परक्या पोरीचा वाटला, आणि पेरांवरचं नाम मध्येच तुटलं.

त्यांनी तिचा हात धरला. गार पडलेला. त्याच हाताला धरून रांगेतल्या गुडघ्यांना अडखळत त्यांनी तिला बाहेर आणलं. मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, आता तं खरी मजा येऊन राहिली." त्यांना ते ऐकूही आलं नाही.

बाहेर भगभगीत ऊन होतं. क्लास कसा चाललाय, हा दर रविवारचाच प्रश्न त्यांनी विचारला, पण आवाज त्यांचा राहिला नव्हता. देवश्रीने काही लपवलं नाही. ती क्लासला जातच नव्हती. दप्तर घेऊन वेळेवर निघायची आणि वडाळी तलावावर जाऊन बसायची.

"कोणासोबत?"

"एकटीच."

पुढचा प्रश्न विचारायला प्रमोदिनीबाई धजेनात. विचारला तर खरा होईल, असं वाटलं. न विचारता एस.टी.त बसणंही आता शक्य नव्हतं.

"देवू, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं का तुला?"

देवश्री चपलेच्या टोकाने माती उकरू लागली. मग म्हणाली, "एकदा वाटलं. मी नसलेच, तर तू जेवशील नीट, असं वाटलं. मग घाबरून पळत होस्टेलवर आले."

प्रमोदिनीबाईंनी शेजारच्या स्कूटीचा आधार घेतला. ही भोवळ मिठाची नव्हती. एवढी वर्षं वारांचे उपास, दिवे, प्रदक्षिणा, सगळं या पोरीच्या जिवासाठी, आणि त्यांच्याच व्रताने तिला पाण्याच्या काठापर्यंत नेलं होतं. मोडलेलं व्रत ज्याच्यासाठी केलं त्याच्यावरच उलटतं, असं सासूबाईंनी त्यांना शिकवलेलं. पाळावं तरी पोर जाते, मोडावं तरी पोर जाते. देवळात जाऊन देवीलाच विचारावं म्हटलं, तर तिथवर जाण्याइतकाही धीर उरला नव्हता.

समोर गिलावड्याची, दही-चटणी घातलेल्या खारट वड्यांची, गाडी होती. त्या तिकडे गेल्या आणि एक प्लेट सांगितली. देवश्रीला आधी कळलंच नाही. कळलं तसं तिने धावत येऊन आईचं मनगट घट्ट धरलं.

"आई, नको. मोडू नकोस. मला काही झालं म्हणजे?"

म्हणजे तीही मानत होती. हे शिकवणाऱ्याही त्याच. गाडीवाल्याने प्लेट प्रमोदिनीबाईंच्या हातात दिली. त्यांनी मनातल्या मनात अंबादेवीला एवढंच म्हटलं, बोललेली मी आहे, काय करायचं ते माझं कर, हिला हात लावू नको.

"तुला काही होत नाही," त्या म्हणाल्या. आपलाच त्यावर विश्वास बसला नाही, पण आवाज त्यांनी हलू दिला नाही. "आज तू माझ्यासोबत अकोल्याला चल. बाबांशी मी बोलते. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, दोघीही. आणि तलावावरचं सगळं तू मला सांगायचं, जसं सुचेल तसं."

"आणि नंबर?"

"नाही लागला तर नाही लागला."

गाडीवाला म्हणाला, "मावशी, चटणी अजून टाकू का?" त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि घास तोंडात घातला. मीठ जिभेला असं झोंबलं, की डोळ्यांतून पाणी आलं. रस्त्यावर एक ट्रक करकचून ब्रेक मारून थांबला आणि दोघीही दचकल्या. काही झालं नव्हतं. ट्रक पुढे गेला. प्रमोदिनीबाईंनी देवश्रीला रस्त्याच्या कडेपासून आपल्या आतल्या बाजूला ओढून घेतलं आणि दुसरा घास घेतला. लेकीने मनगट अजून सोडलं नव्हतं. त्यांनीही ते सोडवून घेतलं नाही.