मोज्यातली डबी

खरं तर हे मी सांगायला नको. मी एक नमुन्याची डबी बोलतेय, आणि पेशंटचं गुपित झाकणाखाली ठेवणं हेच माझं काम. पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही.

कारखान्यात आम्ही ढीगभर बहिणी जन्मलो. कुणाच्या नशिबी थुंकी आली, कुणाच्या लघवी. माझ्या नशिबी काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. नाक मुरडू नका.

न्यूमोनियातून उठलेल्या एका आजोबांना सिस्टरांनी मला दिलं. "जुलाब होताहेत ना? यात नमुना द्या." आजोबा निवृत्त हेडमास्तर. आपल्याला असलं काही होतं, हेच त्यांना मान्य नव्हतं. शिवाय दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. त्यांनी मला मोज्यात कोंबून कपाटात ठेवलं. मोजा लोकरीचा होता, तक्रार नाही.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "पोट कसं आहे?"

"उत्तम!" आजोबा म्हणाले आणि संडासाकडे धावले.

"कसलं उत्तम? रात्रभर पाठ टेकली नाही यांनी," आजी म्हणाल्या.

परत येताना आजोबा दारातच मटकन बसले. ओठ कोरडे, चेहरा पांढराफटक. आजींचा आवाज एकदम बारीक झाला. "अहो, डबी कुठाय?"

हेडमास्तरांनी मुकाट्यानं मोज्याकडे बोट दाखवलं.

त्यांना सलाइन लावताना बाई म्हणाल्या, "अँटिबायोटिकनं छातीतले जंतू मेले, पण पोटातले चांगलेही मेले. रिकाम्या घरात कुणी दांडगट शिरलाय का, ते बघू."

पुढचं काम मी चोख केलं. तपशील विचारू नका.

लॅबमधल्या दादांनी फोन लावला, "सापडला!" पलीकडून बाईंचा खणखणीत आवाज आला, "जुनं औषध बंद करते, याच्यावरचं सुरू करते. आणि वॉर्डात सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावते. नुसत्या सॅनिटायझरला हा दाद देत नाही."

मग फ्रीजमध्ये बसून मी काळजी करत राहिले. आज मावशी नवे नमुने घेऊन आल्या, तेव्हा दादांनी विचारलं, "मोजेवाले आजोबा कसे आहेत?"

"आजींशी भांडले सकाळी. चहा पांचट झाला म्हणे."

फ्रीजमध्येसुद्धा मला ऊब वाटली.

आता मला कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायचंय. त्याआधी एकच विनंती. डॉक्टरांनी पोटाचं विचारलं की खरं सांगा. लाजून पोट बरं होत नाही.

"चला, तुमची पाळी!" मावशींनी पिशवी उघडली.

थांबा हो मावशी, एक राहिलंच! तो मोजा साबणानं धुवायला आजींना कुणीतरी सां—