बिननावाच्या पोरासाठी प्रार्थना

संग्रहालयाच्या तळघरात हाडं साफ करणाऱ्याला सगळे हाडवैद्य म्हणत. तीस वर्षांत त्याने एकही हाड जोडलं नव्हतं की मोडलं नव्हतं. मऊ कुंचल्याने माती झाडायची, एवढंच त्याचं काम. पण चार महिने टेबलावर असलेल्या एका पोराने त्याच्या जिवाला घोर लावला होता. सात-आठ वर्षांचं निअँडरथल पोर, माणसाच्या नामशेष झालेल्या भावकीतलं, मरून हजारो वर्षं झालेली. आज दुपारी तीनला संशोधक मॅडम त्याच्या दाढेला भोक पाडून तपासणीसाठी भुकटी काढणार होत्या. त्याआधी कुणीतरी त्याच्यासाठी दोन शब्द देवाच्या कानावर घालावेत, एवढंच हाडवैद्याचं मागणं.

म्हणून त्याने मेहुण्याला बोलावलं. मेहुणा कीर्तनकार बुवा, गाऊन प्रवचन करायला उभा राहिला की दगडालाही पाझर फुटावा.

"दाजी, मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणजे नाव लागतं. अमक्याचा मुलगा तमका. याचं काय?"

"एकशे चौदा नंबर."

"नंबरावर देव ओळखेल होय?"

"माझ्या लग्नाच्या प्रार्थनेत तू माझं नाव चुकला होतास. तरी संसार झालाच ना?"

"झाला. ताई भोगतेय."

हसत हसतच बुवा टेबलाकडे वळला आणि त्याचं हसू ओसरलं. भुवयांवरचं हाड पुढे आलेलं, हनुवटी जवळजवळ नाहीच.

"हा आपल्यातला नाही हो, दाजी."

"मॅडम म्हणतात, यांचं थोडं रक्त आपल्यात आहे."

"रक्ताचं मॅडमना विचारा. तुम्ही मला आत्म्याचं विचारताय. आमची पोथी पहिल्या माणसापासून सुरू होते. हा त्याच्या आधीचा, की त्याच्याच वंशातला?"

हाडवैद्याने कवटीजवळच्या चपट्या दगडावर बोट ठेवलं. "हा याच्या डोक्याखाली होता. नदीतला आहे. हा सापडला त्या गुहेत असा दुसरा दगड नाही, कुणीतरी उचलून आणलाय. जनावर पिल्लाला उशी देतं का रे?"

बुवाचे डोळे भरून आले. त्याने हात जोडले, सूर लावला. नावाच्या जागेपाशी आला आणि अडला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच.

"नाही जमत हो. नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. देव दयाळू आहे, दाजी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला माहीत नाही."

तीनला मॅडम ड्रिल घेऊन आल्या. दोघांची तोंडं बघून म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबू का?" बुवाने नकारार्थी मान हलवली, पाच मिनिटांत काय होणार होतं?

"मग जबडा तुम्हीच धरा. तुमच्याइतका स्थिर हात इथे कुणाचा नाही."

हाडवैद्याने दोन्ही तळव्यांत जबडा धरला. ड्रिल घरघरू लागलं तसा बुवा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पांढरी भुकटी कागदावर पडू लागली, आणि हाडवैद्य खाली वाकून अगदी हळू म्हणाला,

"जरा कळ काढ, राजा. झालंच हं."