अनंताला दोन वेळचं पाणी

मी कुंडीतला एक जुना अनंत आहे. आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर आता फार दिवसांचा सोबती नाही.

आईने मला बोटभर फांदीपासून वाढवलं. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे बाबांचं, शिवणकामाचं दुकान होतं, त्यामागच्या गॅलरीत माझी जागा. पाणी घालण्याआधी ती मातीत बोट खुपसायची. ओल लागली की म्हणायची, "आज काही मिळायचं नाही हं." मला रागच यायचा. पण माझी पानं बारा महिने हिरवीगार असत, आणि फुलं आली की गिऱ्हाइकं कापड बाजूला ठेवून आधी वास घ्यायची. तेव्हाचा माझा तोरा विचारू नका.

मग आईच्या पोटात दुखू लागलं. ती अंगावर काढत राहिली. बाबांना वाटलं, लेकीने डॉक्टरकडे नेलं असेल. लेकीला वाटलं, बाबांनी. आई गेली, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं.

माझ्यावर मात्र दोघांची माया. बाबा सकाळी दुकान उघडण्याआधी तांब्याभर पाणी घालायचे, लेक संध्याकाळी कामावरून आली की घालायची. माझी मुळं कुजू लागली, पानं पिवळी पडली. "हिला आईच्या झाडाकडे बघायलाही वेळ नाही," असं पुटपुटत बाबांनी आणखी ओतलं. लेकही बाबांच्या नावाने तेच पुटपुटली आणि तिनेही ओतलं. मी कुणाकडे बोंब मारणार?

परवा मावशी आली. कुंडीजवळ येताच तिने नाकाला पदर लावला. "अगं बाई, याला पाणी कोण घालतं?"

"मीच," दोघं एकदम म्हणाले.

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, आता तरी बोलतील.

"मला वाटलं, तू घालत नाहीस," बाबा म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही."

आई गेली त्या दिवशीही दोघं असंच म्हणाले होते, "मला वाटलं, तू", "मला वाटलं, तुम्ही". लेक आत निघून गेली. बाबा मशीनवर जाऊन बसले, पण मशीनचा आवाज काही आला नाही.

तेव्हापासून मला कुणीच पाणी घातलेलं नाही. दोघांनाही वाटतं, दुसरा घालत असेल. तसं आता घातलं तरी प्यायला मुळं कुठे आहेत? शेंड्याला एक कळी आहे, ती न उमलताच गळेल.

मित्रांनो, झाडाला पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा. आणि घरात दुसरं माणूस असेल, तर आधी त्याला विचारा. आमच्या घरात तेवढंच कुणाला जमलं नाही.