पलंगामागची भिंत

“रंग कधी दिलात?” पायपुसण्यावर बूट पुसता पुसताच त्या माणसाने विचारलं.

“झाले की बरेच दिवस,” फौजदारीणबाई म्हणाल्या.

त्याने दाराशेजारच्या भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं झालं. ते त्याने मुकाट्याने रुमालाला पुसलं, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि मान वर करून छताचे चारही कोपरे असे न्याहाळले, की बाईंना वाटलं, हा घर बघायला आलाय की चोरी पकडायला!

फौजदारीणबाई हे काही त्यांचं नाव नव्हे आणि त्यांच्या सात पिढ्यांत कुणी फौजदार झाला नव्हता. नवरा जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता. पण बाईंचं तोंडच असं, की गल्लीत कुणी नळाशी पुढे घुसलं, कुणाच्या पोराने खिडकी फोडली, की निवाडा यांच्याच ओट्यावर व्हायचा. कुणीतरी गमतीने फौजदारीण म्हटलं आणि ते चिकटलं. बाईंनाही ते मनातून आवडत होतं.

आता मात्र फौजदारीणबाईंची स्वतःचीच झडती चालली होती.

घर विकायचं ठरलं होतं. दलाल म्हणाला, “काकू, हल्ली गिऱ्हाईक आधी तपासणीचा अहवाल मागतं आणि मग घराची पायरी चढतं.”

“घर विकतेय का बैल? दातसुद्धा बघणार का?” बाईंनी त्याला फटकारलं होतं. पण करतात काय! घर विकल्याशिवाय दुसरी जागा मिळत नव्हती आणि ती जागा हातची जाऊन चालणार नव्हतं. लेकीच्या बिऱ्हाडाच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, पायरी नाही की उंबरा नाही. मालक या महिन्यापुरता थांबला होता. तिथे गेलं की लेक सकाळ-संध्याकाळ खाली उतरेल, हाताला हात लागेल.

आणि नाही गेलं तर? तर गावाबाहेर ती संस्था होती. अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवतात ती. लेक आणि जावई जाऊन बघूनही आले होते. स्वच्छ आहे म्हणाले, माणसं चांगली आहेत म्हणाले. एक खाट रिकामी होती, नवऱ्यासाठी. बायकांना तिथे ठेवत नाहीत.

“इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आता म्हातारपणी मला सोडचिठ्ठी देता का?” बाई तेव्हा कडाडल्या होत्या. “मी खमकी आहे. रोज एकटी उचलते त्यांना. माझ्या हाताला अजून गंज चढलेला नाही.”

हे सगळं खोटं होतं.

गेल्याच पंधरवड्यात दुपारी नवरा पलंगावरून घसरला. बाईंनी काखेत हात घातले, दम धरला, ओढलं. तो तसूभर हलला नाही. पुन्हा ओढलं, तेव्हा मनगटात कळ आली ती थेट खांद्यापर्यंत. शेजारणीला हाक मारावी, तर जन्मभर दुसऱ्यांचे निवाडे केलेलं तोंड उघडेना. शेवटी उशी घेतली, त्याच्या डोक्याखाली दिली आणि स्वतः त्याच्या शेजारी फरशीवर आडव्या झाल्या. सिलिंडरवाला आला तेव्हा दोघं तशीच पडलेली.

“काय झालं हो काकू?” तो बिचारा घाबरलाच.

“काही नाही रे. उकडतंय म्हणून गार फरशीवर पडलो होतो. आलाच आहेस तर यांना वर ठेव.”

सिलिंडर उचलावा तसा त्याने नवऱ्याला उचलला आणि पलंगावर ठेवला. बाईंनी त्याला बजावलं, “गल्लीत बोललास तर याद राख.” तो नाही बोलला.

या सगळ्यातलं लेकीला काही ठाऊक नव्हतं. औषधांच्या दुकानातून आज सुट्टी काढून ती आली होती आणि तपासणीवाल्याच्या मागे मागे हिंडत होती. तोंडावर काळजी, हातात पर्स तशीच.

तपासणीवाला पन्नाशीचा असेल. चष्मा गळ्यात लोंबत होता. एक छोटी हातोडी आणि एक डबीसारखं यंत्र घेऊन तो खोल्याखोल्यांतून फिरत होता. फरशीवर टकटक करी, मान तिरकी करून ऐके. भिंतीला डबी लावी, की डबी पिपाणीसारखी ओरडे.

“हे काय बोंबलतंय?” बाईंनी विचारलं.

“ओल आहे काकू.”

“ओल कुठली! कोरडी ठणठणीत भिंत आहे.”

“तुम्ही जिथे जिथे रंग दिलाय ना, बरोबर तिथेच ओरडतंय,” तो म्हणाला. हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. “काकू, सगळं घर रंगवलं असतं तर मला शोधावं लागलं असतं. तुम्ही नेमक्या ओल्या जागा रंगवून मला खुणाच करून दिल्यात.”

लेकीने तोंडावर हात धरला. बाईंचे कान तापले. माळ्यावरच्या डब्यात तेवढाच रंग उरला होता. आदल्या दिवशी डाव्या हाताने, स्टुलावर उभं राहून, डाग तेवढे झाकले होते त्यांनी. रात्रभर स्वतःच्या हुशारीवर खूश होत्या.

“ओल काय, सगळ्यांच्याच घरात असते,” त्या म्हणाल्या. “तुझ्या घरात नाही?”

“आहे की. आणि एवढ्याशा ओलीने घर विकायचं अडत नाही. नळ चांगले आहेत, वायरिंग चांगलं आहे, गच्ची गळत नाही.” त्याने पिशवी उचलली. “मागची खोली राहिली.”

 बाई झटकन पुढे झाल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“आत माझे मालक आहेत. आजारी माणूस. दारातूनच बघ.”

“दोन मिनिटं लागतील काकू.”

तो आत गेलाच. नवरा पलंगावर पडला होता, कोपऱ्यात, भिंतीला अगदी खेटून. उजवं अंग गेलेलं. बोलण्यातला एकच शब्द मागे राहिला होता. पाहुणा दिसताच त्याने तो काढला.

“बरं,” तो म्हणाला.

“नमस्कार काका,” तपासणीवाला म्हणाला. “ही भिंत जरा बघायचीय. पलंग थोडा पुढे घेऊ या.”

“पलंग हलवायचा नाही!” बाई इतक्या जोरात ओरडल्या की लेक दचकली. “त्यांना त्रास होतो. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“कुठल्या डॉक्टरांनी?” लेकीने विचारलं. “आणि आई, पलंग तर खिडकीशी होता. इथे कधी आणलास?”

“तोंडावर ऊन येतं.”

“खिडकी उत्तरेला आहे, आई.”

बाईंनी नवऱ्याचं पांघरूण उगाच वर ओढलं.  कालच त्या सिलिंडरवाल्याला बोलावून पलंग इथे आणवला होता. आजारी माणसाला उठवून कोण भिंत बघतंय, असा हिशेब.

“असं करू,” लेक समजुतीने म्हणाली, “बाबांना खुर्चीत बसवू आणि मग पलंग ओढू. तू रोज एकटी उचलतेस ना, मग आज तर दोघी आहोत. चल, तू त्या बाजूने धर.”

आता नाही कसं म्हणणार? स्वतःच्याच बढाईच्या खुंटीला बाई टांगल्या गेल्या होत्या. पदर खोचला. काखेत हात घातला. लेकीने “एक, दोन, तीन” म्हटलं.

लेकीची बाजू उठली. बाईंची बाजू जागची हलली नाही. नवरा तिरका झाला आणि ओल्या वाळूच्या पोत्यासारखा बाईंच्या अंगावर कलला. मनगट मुडपलं. बाईंच्या तोंडून “आई गं” निघून गेलं. तपासणीवाल्याने हातोडी टाकून झेप घेतली, म्हणून दोघं वाचली.

त्याने आणि लेकीने मिळून म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं. सदरा वर सरकला होता. कमरेवर ताटलीएवढा डाग, मधे जांभळा, कडेला हिरवा-पिवळा.

लेक त्या डागाकडे बघत राहिली. मग आईच्या मनगटाकडे. फुगलेलं मनगट बाईंनी झटकन पदराखाली घेतलं.

“बाबा, तुम्ही पडलात?” लेकीने गुडघ्यावर बसून विचारलं.

“बरं.”

“आईने उचललं?”

“बरं.”

“त्यांना काय विचारतेस!” बाई म्हणाल्या, पण आवाजात फौजदारीण नव्हती.

तेवढ्यात तपासणीवाल्याने पलंग ओढला होता. दोन भिंती जोडणारा कोपराच उघडा पडला. जमिनीपासून वर गेलेली भेग. त्याने तिच्यात बोट घातलं. मग उभा तळहात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला.



“ही खोली मागाहून बांधलेली?”

“ही झाली तेव्हा,” बाईंनी लेकीकडे मान हलवली. “यांनी आणि यांच्या मित्रांनी बांधली. दर सुट्टीला येऊन.”

“जुन्या भिंतीत नवी भिंत गुंफलेली नाही. नुसती टेकवलीय. खाली माती बसतेय आणि ही अख्खी भिंत बाहेर चाललीय.” त्याने खालपासून वरपर्यंत फोटो काढले. मग वळला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “या भिंतीखाली यांना झोपवलं कुणी?”

 रात्रभर. काल रात्रभर तो त्या भिंतीखाली होता. त्यांनीच त्याला तिथे नेऊन ठेवला होता, झाकण म्हणून.

“ही केव्हाही खाली येईल. आज, नाहीतर वर्षाने. पण आजच्या आज खोली रिकामी करा.”

“हे लिहिणार तू?” बाईंनी विचारलं.

“लिहावं लागेल.”

“ओल लिही. नळ लिही. वाटेल ते लिही. पण एवढं नको लिहूस रे.” त्या त्याच्या समोर आल्या. ज्या बाईने कधी कुणापुढे मान वाकवली नाही, तिने दोन्ही हात जोडले. फुगलेलं मनगट उघडं पडलं, तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. “पलंग हललाच नाही, असं समज. तू बघितलंच नाहीस काही.”

“काकू, हात खाली घ्या. उद्या हे घर कुणीतरी घेईल. त्यांचं पोर झोपेल या भिंतीखाली.”

“आणि माझं माणूस कुठे झोपेल ते? ते लिहितोस का तुझ्या अहवालात?”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा गळ्यात सोडला.  लेकीबरोबर पलंग उचलून बाहेरच्या खोलीत आणून दिला, म्हाताऱ्याला नीट निजवलं, चादरसुद्धा सारखी केली. चहा नको म्हणाला. दारात पिशवी खांद्याला लावली आणि गेला.

भिंत पाडून पुन्हा बांधायची, मग पुन्हा तपासणी, मग गिऱ्हाईक. तोवर तळमजल्याची जागा कुणी दुसराच घेणार. हे बाईंनाही कळत होतं आणि लेकीलाही. 

“मला का नाही सांगितलंस?” लेक म्हणाली.

“काय सांगू? फौजदारीणबाईला नवरा उचलत नाही, म्हणून दवंडी पिटू?”

“मी काय गल्ली आहे?”

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. नव्या जागी पडलेला म्हातारा छताकडे बघत होता.

“खाट अजून रिकामी आहे का तिथे?” बाईंनी विचारलं.

लेक रडू लागली.

“रडून काय होणार? विचार त्यांना फोन करून. आणि भेटायला कधी सोडतात तेही विचार.”

“चार ते सहा, आई. रोज.”

“चार ते सहा,” बाई म्हणाल्या. “आणि बाकीचा दिवस मी काय...” पुढचं त्यांनी गिळलं. “आणि नीट बजावून सांग त्यांना. उजव्या कुशीवर वळवायचं नाही, घाबरतात. पाणी चमच्याने नाही, वाटीने. चमचा दिसला की तोंड मिटतात. आणि ‘बरं’ म्हणाले म्हणजे बरं नसतं दर वेळी. डोळ्यांकडे बघायचं. सांगशील ना?”

“सांगते.”

“तू नको. फोन माझ्याकडे दे, मीच सांगते. तू रडतेस.”

फोन झाला. पलीकडच्या बाईने निमूट ऐकून घेतलं, दोनदा “हो आई” म्हणाली. उद्या सकाळी गाडी पाठवतो म्हणाली.

बाई उठल्या. वाटीत कोमट पाणी घेतलं, साबण, ब्रश, वस्तरा घेतला. नवऱ्याच्या मानेखाली टॉवेल लावला.

“आता कशाला आई? ते लोक करतात तिथे.”

“तिथे गेल्यावर कुणी म्हणायला नको, की घरी याला बघणारं कुणी नव्हतं.”

फेस लावला. डाव्या हाताने वस्तरा धरायची सवय नव्हती, म्हणून हळू, अगदी हळू सुरू केलं. म्हाताऱ्याने नेहमीसारखा गाल फुगवला. एकच गाल फुगला. दुसरा तसाच बसका राहिला.

बाईंनी उजवा अंगठा त्याच्या ओठाच्या कडेला लावला. मनगट ठणकत होतं. त्यांनी तो गाल ताणून धरला आणि वस्तरा खाली आणला.