थंड नूडल्स

सलोमानं तिसऱ्या ट्रेवर लोण्यात परतलेला पावाचा चुरा भुरभुरला आणि ट्रे ओव्हनमध्ये ढकलला. वर चीजचं पांघरूण, खाली खिमा, कांदा, टोमॅटो, आणि या सगळ्यांच्या मधे काल लाटून, कापून, चादरींवर वाळवलेल्या नूडल्स. साठ अंड्यांच्या बलकाच्या. कोंबड्या आता तिला बघितलं की तोंड फिरवायला लागल्या होत्या.

"आई, एवढं कोण खाणार?" सून वर्बानं विचारलं.

"अकरा माणसं आहेत मळ्यात. त्यात तो मोझे, ज्याला सगळे 'बकऱ्या' म्हणतात, एकटा तिघांचं खातो. गेल्या वर्षी टेबलावरच्या कापडाचं टोक खाल्लंन त्यानं."

"काहीतरीच!"

"मग ते टोक गेलं कुठं? सांग."

शेजारपाजारची ही अकरा माणसं सकाळपासून मका कापून सायलोत, चाऱ्याच्या उंच कोठीत, भरत होती. उन्हाळ्यात गवतही त्यांनीच कापलं होतं, त्याआधी पेरणीही. मार्चमध्ये तिच्या नवऱ्याला, ओबेडला झटका आला, उजवा हात गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून तो भिंतीकडच्या खुर्चीत बसायचा आणि वाढतील ते निमूट गिळायचा. सलोमाची झोप उडाली होती ती या निमूटपणानं. सेहेचाळीस वर्षं या माणसानं तिच्या हातच्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवली होती. लग्नाच्या जेवणालासुद्धा.

आज तिनं त्याचं ताट टेबलाच्या टोकाला मांडलं, त्याच्या जुन्या जागी. मुलगा आयव्हन हात धुऊन आत आला आणि ताट बघून थबकला.

"आई, तिथं मी बसतो ना. रोज मीच बसतोय."

"आज तुझा बाप बसेल."

"टोकाला बसेल त्यानंच मान वर करून प्रार्थना संपवायची. ती कधी, हे नाही कळलं त्यांना, तर? ते मान वर करेपर्यंत कुणीच वर बघणार नाही. सगळ्यांसमोर हसं होईल त्यांचं."

"तर थांबतील सगळे. आग फक्त माझ्या ओव्हनमध्ये लागलीय, बाहेर नाही."

माणसं बाकांवर बसली. ट्रे आले, कडेनं चरचरत. ओबेडनं मान खाली घातली, आणि दाढ्यांची रांगच्या रांग खाली झुकली. चुलीपाशी उभ्या सलोमानं आणि वर्बानंही माना खाली घातल्या. कुणी ओठ उघडला नाही. जो तो आपल्या मनात.

चरचर थांबली. वाफ थांबली. मोझेच्या पोटानं एकदा हाक मारली, मग पुन्हा मारली. सलोमा पुढं सांगायची, त्या प्रार्थनेत घरातली मांजर व्यायली आणि पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले.

आयव्हननं तिरक्या नजरेनं आईकडं बघितलं. बाबा झोपले, असं त्याच्या भुवया सांगत होत्या. खाकरून प्रार्थना संपवायला त्यानं श्वास घेतला.

सलोमानं ओबेडकडं बघितलं. त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता. एक बोट जरासं उचललं, मोझेकडं वळलं, तिथं थांबलं. मग त्याच्या शेजारच्याकडं वळलं. थांबलं. ओठ हलत होते, एकेकाचं नाव घेत.

तिनं आयव्हनकडं बघून मान हलवली. नाही. थांब.

बोट बाकावरून सावकाश पुढं सरकत होतं, थकलेला घोडा चढ चढतो तसं. सातवा. आठवा. एकालाही वगळलं नाही. अकरा झाले, मग आयव्हन, मग वर्बा. आणि मग बोट तिच्या शेजारी उभ्या सलोमाकडं वळलं.

तिथं ते मोझेवर थांबलं होतं त्याहून बराच जास्त वेळ थांबलं. सलोमा आपल्या बुटांकडं बघत राहिली.

ओबेडनं मान वर केली. बाक करकरले. कुणी हसलं नाही. मोझेनं तर चमचा उचलायच्या आधी डोळे पुसले आणि कांद्याला दोष दिला.

सलोमानं पहिलं वाढप ओबेडच्या ताटात केलं. त्यानं डाव्या हातानं घास घेतला, चावला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"थं...ड," तो म्हणाला. सगळे थांबले. त्यानं जीभ पुन्हा जमवली. "मीठ. कमी."

वर्बानं घाबरून सासूकडं बघितलं. सलोमा तोपर्यंत पाठमोरी झाली होती. कपाटाचं दार उघडून ती मीठ शोधत होती, एकेक बरणी उचलून, खाली ठेवून, पुन्हा उचलून.

मीठ टेबलावरच होतं, ओबेडच्या ताटाशेजारी. तिनंच ठेवलेलं.